सोमवारची एकत्र उपासना, जरा वाचून घ्या

जय ख्रिस्त मंडळी! जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे किंग डे, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॉ. मार्टिन लूथर किंग यांचा दिवस, अमेरिकेत सुट्टी आहे तर झोपून काढू नका. आपण ज्या चर्चचा हॉल महिन्यातून एकदा वापरतो त्या ब्लॅक मंडळीबरोबर सकाळी १० वाजता एकत्र उपासना आहे, नंतर पॉटलक. डॉ. किंग म्हणायचे की रविवारी सकाळी ११ चा तास हा अमेरिकेतला काळे-गोरे असा सगळ्यात विभागलेला तास, आणि खरं सांगायचं तर आपणही त्यांच्याच हॉलमध्ये जमतो पण त्यांच्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहिती आहेत?

गलतीकरांस पत्र ३:२८ आधी इंग्लिशमधे मग मराठीत वाचायचंय, आणि ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचं एक भजन आपल्याकडून, पेटी तबला आहे, प्रॅक्टिस शनिवारी संध्याकाळी. मुलांना सांगा, १९५९ साली किंग भारतात आले तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते, त्यांना माहीतच नसतं.

प्लीज सगळे एकाच बाकावर मराठीत गप्पा मारत बसू नका, दरवेळी हेच होतं!! मधे मधे पसरून बसा. तिकडे प्रवचन चालू असताना लोक मोठ्याने आमेन म्हणतात, टाळ्या वाजवतात, मुलांनी वळून वळून बघू नये.

जेवणात कूट घातलेली खिचडी, कोशिंबीर असेल तर डब्यावर शेंगदाणे असं इंग्लिशमधे लिहून चिठ्ठी लावा, ॲलर्जीवाले असतात. तिखट बेताचं. काय आणताय ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका, सगळ्यांनी गुलाबजामच आणू नका.