‘कुठं?’ : संरक्षणमंत्र्यांना एका निवृत्त मास्तराचं खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सादर नमस्कार.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका खेड्यात मराठी शाळेत मास्तर होतो. १९८७ साली नोकरीला नवा होतो. त्या काळात खेड्यातला मास्तर म्हणजे अर्धा पोस्टमन. आलेलं पत्र वाचून दाखवायचं, उत्तर लिहून द्यायचं. त्यातही फौजी घरांची पत्रं जास्त, कारण आमच्या भागात दोन घरं सोडून तिसऱ्या घरात फौजी असतोच. पाकिटावर नंबर, पलटणीचं नाव आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. हे छप्पन एपीओ गाव कुठं आलं, असं एका आईनं मला विचारलं होतं. मी हसलो होतो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर, भातं कापणीला आलेली असताना, त्याच घराची तार आली. इंग्रजीत. पोस्टमन ती घेऊन आधी शाळेत माझ्याकडं आला, यावरूनच मी समजलो. घरी जाऊन मी ती मराठीत सांगितली. आई रडली नाही. तिनं एकच विचारलं, “कुठं?” तारेत श्रीलंका एवढंच होतं. मी म्हटलं, लंकेत. “लंका केवढी?” ती म्हणाली. “त्यातलं कुठं?”

साहेब, हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

२९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि आपली फौज ‘शांतिसेना’ म्हणून तिकडं निघाली, तेव्हा आमच्या पारावर कुणाला काळजी वाटली नव्हती. शांतिसेना म्हणजे शांतता राखायला चाललेली माणसं. पोरांना तर गंमतच वाटली, कारण लंका म्हटलं की रावण आणि मारुती. ऑक्टोबरात ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं, जाफना शहरासाठी गल्लीबोळांतून लढाई पेटली, आणि पेपरातले आकडे वाढू लागले. मग लोक मला विचारायला लागले, मास्तर, आपला वैरी कोण? १९७१ साली हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आता मी सांगायचो की तमिळ वाघ, म्हणजे लंकेत वेगळं तमिळ राज्य मागणारे एलटीटीईवाले. पुढचा प्रश्न यायचा, त्यांना तर आपणच बंदुका चालवायला शिकवलं होतं म्हणतात? ते खरं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिल्लीकडं असेल असं तेव्हा वाटायचं.

ते प्रकरण ३२ महिने चाललं. पुढं श्रीलंकेचेच राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा ‘निघून जा’ म्हणाले, इकडं दिल्लीत सरकार बदललं, आणि २४ मार्च १९९०ला शेवटची तुकडी परतली. चेन्नईच्या (तेव्हाच्या मद्रासच्या) बंदरावर त्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्यांची कारणं त्यांच्यापाशी, आणि तमिळ माणसाच्या बाजूनं पाहिलं तर ती मला समजतातही. पण सुमारे १,२०० जवान गमावून आलेल्या फौजेला आपल्याच किनाऱ्यावर पाय ठेवताना अवघडल्यासारखं व्हावं, हे आमच्या माणसांच्या मनात राहून गेलं.

आमच्या गावात देह आला नाही. कारगिलनंतर तिरंग्यातली पेटी दारात येते, आमदार-खासदार येतात, चौकाचौकात फलक लागतात. तेव्हा तसं नव्हतं. काही दिवसांनी पलटणीतला एक हवालदार काळी ट्रंक आणि तांब्यात अस्थी घेऊन आला. दोन्ही हातांनी तांब्या धरूनच तो एसटीतून उतरला. अस्थी मलप्रभेत सोडल्या. जेवायला बसल्यावर आईनं त्यालाही विचारलं, कुठं? तो म्हणाला, आई, मी दुसऱ्या कंपनीत होतो.

रडारड झाली, पण राग कुणी बोलून दाखवला नाही. लोक गप्प झाले. अभिमान बाळगावा तर कशाचा ते कळेना. संतापावं तर पोटच्या पोराच्या पलटणीवर कसं संतापायचं? १९२२पासून मराठा पलटणीचं ठाणं बेळगावात आहे. आमच्याकडं ‘मराठा सेंटर’ हे काही सरकारी खातं नाही, ते घरातलंच आहे. पुढच्या भरतीला त्याच मुलाचा चुलतभाऊ रांगेत उभा राहिला आणि घरातून त्याला कुणी अडवलं नाही. हे देशप्रेम होतं की दीड एकर कोरडवाहू जमिनीचा हिशेब होता, हे मला विचारू नका. दोन्ही असावं. इथल्या भाषेच्या भांडणाबद्दल आपल्याला ठाऊक असेलच, दर १ नोव्हेंबरला, एकीकडं कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन, म्हणून आम्ही पेपरात असतो. पण श्रीलंकेत गेलेल्यांच्या बाबतीत मराठी घर आणि कानडी घर सारखंच गप्प होतं.

खरं तर परमुलखात मरणं आमच्या भागाला नवं नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकात लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. दुसऱ्यात इटलीत लढल्या. तिथं यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लढाई गोऱ्या साहेबाची होती, कारणही त्याचंच. तरी मराठी मुलखातल्या कित्येक गावांत त्यानं दगडी पाटी लावली, या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. परक्या सरकारनं आकडा तरी दगडावर कोरला.

आपल्या सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. श्रीलंकेत पडलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीलंकेनं कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक बांधलं, तिथं २०१५ आणि २०२५मध्ये आपल्या पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिलं. ते टीव्हीवर दिसलं तेव्हा त्या मुलाची भावजय पडद्याजवळ जाऊन दगडावरची नावं वाचायला बघत होती. कॅमेरा पुढं सरकला.

आता मुद्द्याचं. त्या घरी दोन सरकारी कागद आहेत आणि दोन्हींवर मृत्यूची तारीख वेगळी आहे. फरक दोनच दिवसांचा. पण एक तारीख धरली तर आश्विन वद्य एकादशी येते, दुसरी धरली तर ऐन धनत्रयोदशी. श्राद्ध कुठल्या तिथीला घालायचं? भटजी म्हणाले, तिथी ठाऊक नसलेल्यांचं सर्वपित्री अमावास्येला घालतात. आई जिवंत होती तोवर तिनं तसंच घातलं, परागंदा झालेल्या माणसाचं घालावं तसं. तिचा मुलगा परागंदा झाला नव्हता. त्याला सरकारनं पाठवलं होतं.

आपल्याच मंत्रालयानं जून २०२१मध्ये युद्धांच्या आणि लष्करी मोहिमांच्या इतिहासाचं धोरण जाहीर केलं. मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती, त्यापुढं तीन वर्षांत इतिहास, आणि साधारण २५ वर्षांत नोंदी खुल्या. शांतिसेना परतल्याला मार्च २०१५मध्येच २५ वर्षं झाली. तो सगळा इतिहास लोकांसमोर आणा. लढाईला नीट नकाशे नसताना पाठवलं असेल, तर तसं लिहा. जाफन्याच्या इस्पितळात त्याच ऑक्टोबरात रुग्ण, डॉक्टर आणि नर्स आपल्या जवानांकडून मारले गेले, तेही लिहा. आम्हाला झेपेल. आमच्या मुलांना देव करा, असं आमचं म्हणणं नाही.

आणि तो इतिहास येईल तेव्हा येवो, त्याआधी प्रत्येक घराला एक पानाचं पत्र पाठवा. पलटणीच्या रोजच्या नोंदींत असतं ते सगळं: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या रस्त्यावर, गोळीनं की सुरुंगानं, शेजारी कोण होतं. सुमारे बाराशे पत्रं. या देशात एका तालुक्याला निवडणुकीच्या याहून जास्त चिठ्ठ्या वाटल्या जातात.

पत्र मराठीत आलं तर बरं. कानडी घरांना कानडीत पाठवा. तेवढं जमत नसेल तर इंग्रजीत पाठवा, वाचून सांगायला मी अजून आहे.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक