सोनूस, तांबडीबद्दल

कोथरूड, पुणे
गुरुवार, रात्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी तू फोनवर रडत होतीस आणि मी "असू दे गं, होतं असं" एवढंच बोललो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी केली, गावोगावची शेरडं-कोंबडी हाताळली, आणि स्वतःच्या लेकीशी एवढंच बोललो. दिवसभर ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आता जेवणं झाल्यावर निवांत लिहायला बसलो.

तू सांगितलंस ते पुन्हा मांडून बघतो. तुझी तांबडी कोंबडी काल संध्याकाळी बाकीच्यांबरोबर खुराड्यात शिरली, दांडीवर बसली. सकाळी दार उघडलंस तर दांडीखाली तुसावर आडवी. पाय ताठ, पंख किंचित पसरलेले. जखम नाही, रक्त नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. मानेखालची दाण्याची पिशवी भरलेली, तुरा पांढरट. आठवडाभर जवळजवळ रोज अंडं दिलेलं. आणि उरलेल्या आठजणी तिला ओलांडून दाण्याकडे धावल्या, ते तुला सगळ्यात जास्त लागलं.

एवढ्यावरून काही गोष्टी बाजूला काढता येतात. मुंगूस किंवा रानमांजर शिरलं असतं तर आत पिसांचा सडा पडला असता, आणि ते बहुधा एकीवर थांबलंही नसतं. उपाशी नव्हती, पिशवी भरलेली होती. फार दिवसांचं दुखणंही नसावं, नाहीतर छातीचं हाड हाताला सुरीच्या पात्यासारखं लागलं असतं. तू तर पुरताना ती जड लागली म्हणालीस. राहता राहिली साथ. ती एकीला घेऊन सहसा थांबत नाही, पण ते ठरवायला अजून पाच-सहा दिवस जायला हवेत.

अंगानं भरलेली, जोरात अंड्यावर असलेली कोंबडी उन्हाळ्यात अशी रात्रीतून जाते, तेव्हा पुष्कळदा तिच्या काळजावर म्हणजे यकृतावर चरबी चढलेली असते. मी भोरकडे होतो तेव्हा एक बाई मेलेली कोंबडी पदराखाली झाकून घेऊन आल्या होत्या. दवाखान्यामागच्या ओट्यावर पोतं अंथरून डॉक्टरसाहेबांनी ती उघडली, मी पाय धरले होते. यकृत पिवळं, लोण्यासारखं. बोट लागलं तिथं फुटत होतं. त्याच्यावर काळपट रक्ताची गोठलेली साय, जेलीसारखी. आणि खाली पूर्ण तयार झालेलं अंडं, कवचासकट, बाहेर यायच्या बेतात. जोर देताना यकृत आतल्या आत फाटलं होतं. बाहेर थेंब दिसत नाही, फक्त तुरा पांढरा पडतो. त्या बाई म्हणाल्या, "हीच सगळ्यात जास्त अंडी द्यायची म्हणून हिला मी वेगळा मका घालत होते." मला आजही त्यांचा चेहरा दिसतो.

तांबडीला हेच झालं असावं असं माझं मन म्हणतं. पण मेल्यानंतर तुऱ्याचा रंग फसवतो, रक्त अंगात खाली उतरतं तसा तो बदलतो. शिवाय अंडं आत अडकूनही कोंबडी जाते, बलक पोटात पडून तिथं सडला तरी जाते, आणि कधी हृदय बंद पडतं. उघडून पाहिल्याशिवाय छातीठोक कुणी सांगू नये, मीही नाही. तू तिला सकाळीच आंब्याखाली पुरलीस. आता उकरू नकोस. या उन्हात एव्हाना त्यातून काही कळायचं नाही.

आता तू स्वतःला लावून घेतलेल्या तीन गोष्टी.

पाणी. "रात्री भांडं रिकामं होतं बाबा" म्हणालीस. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती जागची हलत नाही. तेव्हा हे मनातून काढून टाक. दिवसा मात्र भांडं कोरडं पडता कामा नये. तिला घाम येत नाही, अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या घरात, आणि सध्या बाहेर पारा चाळिशीला टेकतोय. चोच उघडी टाकून धापा टाकणं हाच तिचा मुख्य उपाय, आणि त्यात अंगातलं पाणी जातं. दुपारी दोनदा गार पाणी भर. पत्र्यावर ओलं पोतं टाक.

भाकरी. इथं तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. एका दिवसाच्या शिळ्या भाकरीनं कोंबडी मरत नाही. पण रोज घमेलंभर भात-भाकरी, वर मक्याचे दाणे आणि उन्हामुळे दिवसभर सावलीत बसून राहणं, असं महिनोन् महिने चाललं तर चरबी चढते. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेयर मॅश, म्हणजे तिच्यासाठीचं तयार भरडलेलं खाद्य, पुरतो, त्यात तिला लागणारं सगळं असतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव, ज्या कोंबडीला हवा ती खाते. उरलंसुरलं मूठ-दोन मूठ, तेही दुपारनंतर, मॅश पोटात गेल्यावर. हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. होळीला आलो होतो तेव्हा ते घमेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तू किती हौसेनं त्यांना खाऊ घालतेयस ते बघून गप्प बसलो. म्हटलं पुढच्या खेपेला सांगू. सोनू, दोष वाटायचाच असेल तर त्यातला मोठा वाटा माझा आहे.

तिसरी गोष्ट तू अगदी हळू आवाजात सांगितलीस. परवा ती थोडा वेळ कुंपणापाशी एकटी उभी होती, आणि तुला वाटलं ऊन खातेय. अगं, कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी ढिली पडली तिला बाकीच्या टोचायला लागतात, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्यासारखं करत राहते. आम्ही नोकरीत मुरलेली माणसंसुद्धा फसायचो. आणि बाकीच्या तिला ओलांडून गेल्या ते निर्दयपणानं नव्हे. त्यांना भूक लागली होती आणि दार उघडलं होतं, एवढंच.

तुझ्या आजीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सासवडजवळच्या आमच्या घरी तिची बारा कोंबडी होती. रात्री डालग्याखाली झाकायची. मी तिसरीत होतो. एक दिवस एकीनं हिरवट-पांढरं हगायला सुरुवात केली, दुसऱ्या दिवशी तिची मान वाकडी झाली, गरगर फिरायला लागली. चार दिवसांत बारातली एक उरली. गावात त्याला मानमोडी म्हणायचे. नोकरीत आल्यावर कळलं की हाच तो राणीखेत रोग. आजीनं डालगं चुलीत घातलं, जागा राखेनं आणि चुन्यानं सारवली आणि वर्षभर कोंबडी आणली नाही. ती साथ येण्याच्या आठवडाभर आधी मी शेजारच्या वाडीतून एक तलंग खेळायला म्हणून उचलून आणली होती. ती आजारी होती की नव्हती, कुणाला माहीत नाही. मी हे आईला कधीच सांगितलं नाही. पुढं लसीच्या बाटल्या बर्फात घालून वाड्यावस्त्यांवर हिंडताना प्रत्येक वेळी मला ते डालगं आठवायचं.

म्हणून विचारतो, त्या फिरत्या विक्रेत्याकडून तू या कोंबड्या घेतल्यास तेव्हा त्यांना लासोटा, म्हणजे राणीखेतवरची लस, दिली होती का? त्याला फोन करून विचार. नक्की सांगता येत नसेल तर नाही असं धर. आठजणी ठणठणीत आहेत असं आठ-दहा दिवसांत दिसलं, की लस देऊन टाकू. आजारी पाखराला लस देत नाहीत, म्हणून आधी थांबायचं.

तोवर रोज एक काम कर. अंधार पडला, त्या दांडीवर बसल्या, की बॅटरी घेऊन जा. त्या वेळी कोंबडी अगदी शांत असते. एकेकीला उचल. मानेखालची पिशवी भरलेली आहे ना ते बघ. सकाळी ती रिकामी झालेली हवी. सकाळीही फुगलेली, पिठासारखी लागली तर मला फोन कर. छातीचं हाड चाचप, पोट तडस किंवा पाणी भरल्यासारखं लागतंय का बघ. शेपटीखाली घाण चिकटलीय का, श्वासाला घरघर येते का. सकाळी तुसावरची हागवण बघ. हिरवी पातळ किंवा रक्ताची असेल तर साधी गोष्ट नाही. अंडी किती मिळाली ते तारखेसह वहीत लिही. चार-पाच हजार पक्ष्यांच्या शेडवर रोजच्या नोंदवहीत मरतूक नावाचा रकाना छापलेलाच असतो, तिथं आकडा टाकून माणूस पुढं जातो. तुझ्याकडे नऊच होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. तुला त्रास होणारच. व्हायलाच हवा.

दुसरी मेली तर मात्र पुरू नकोस. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचल, दोन पिशव्यांत बांध, बर्फाच्या डब्यात ठेव. गोठवायची नाही, गोठवली की आतलं सगळं बिघडतं आणि तपासणीला काही उरत नाही. त्याच दिवशी औंधला रोग अन्वेषण विभागात नेऊ, तिथं शवविच्छेदन होतं. आणि एकदम दोन-तीन गेल्या, तोंडं सुजली, तुरे निळे-जांभळे पडले, तर कशालाच हात न लावता आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मला तिकडे पाठवलं होतं, आठवतं ना? मी परत आलो तेव्हा तू माझ्या गळ्यात पडलीस आणि मी तुला आधी आंघोळ करू दे म्हणून लांब केलं होतं. तसं काही तुझ्याकडे आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण माहीत असावं.

शेजारचे कुणी पाण्यातून द्यायची औषधाची पुडी देतील. घेऊ नकोस. कशासाठी द्यायची तेच माहीत नाही, आणि ते औषध अंड्यात उतरतं. आणि ती अंडी तुझी छोटी खाते.

छोटीनं तुला विचारलं ना, तांबडीला काय झालं? तिला सांग की आजोबांनाही नक्की कळलं नाही. तिला ते कळेल. मुलांना कळतं.

रविवारी पहाटेच निघतो, उजाडायच्या आत भुकूमला पोचेन. त्या सकाळी मी येईपर्यंत खुराड्याचं दार उघडू नकोस. आठजणी दांडीवरून कशा उतरतात, कोण मागं राहते, ते मला तुझ्याबरोबर उभं राहून बघायचंय. आई शेवग्याच्या शेंगा देणार आहे.

तुझे,
बाबा