नांदत्या वास्तूची डागडुजी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलीकडे स्कॉटलंडला गेलो असताना एल्गिन गावाजवळचा प्लस्कार्डन हा बेनेडिक्टाइन या कॅथलिक संन्याशांच्या संघाचा मठ पाहिला. राजा दुसरा अलेक्झांडर याने 1230 साली स्थापलेला हा मठ सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर ओस पडला आणि 1948 साली मठवासी परतले तेव्हा त्यांच्या वाट्याला बरीचशी पडझडच आली. ती पाडून त्यांनी नवे चर्च उभारले नाही. छप्पर, मनोरा, खिडक्यांच्या रंगीत काचा असे एकेक काम वर्षानुवर्षे हाती घेतले, आणि दिवसातून अनेकदा होणारी सामुदायिक प्रार्थना त्याच वास्तूत चालू ठेवली. आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या झग्यातील मठवासी लॅटिन स्तोत्रे गात होते. मला तर काकड आरतीच आठवली.

हे आठवण्याचे कारण आमच्या नौपाड्याजवळच्या एका जुन्या देवळाचा नुकताच झालेला जीर्णोद्धार. तेथे चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट लावले गेले आणि काळ्या दगडाच्या खांबांना ऑइल पेंट फासला गेला. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला. रंगाचा फुगा बोटाने दाबला की आतून ओलसर पांढरी भुकटी सांडते. चुना भिंतीतील ओल बाहेर सोडतो, तर टणक सिमेंट ती आत कोंडते. मग पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि सिमेंट शाबूत राहून जुना दगड वा वीटच झिजू लागते. गूळ, हिरडा, बेलफळ घालून चुना दगडी चाकाच्या घाण्यात मळणाऱ्या आपल्या गवंड्यांना हे ठाऊक होते. विश्वस्तांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही, वर्गणीही लोकांनी मनापासून दिली होती, म्हणूनच अधिक वाईट वाटते.

ठाणे शहरातील जुनी देवळे, दर्गे, चर्च ही नांदती ठिकाणे आहेत. त्यांना कुलूप लावून वस्तुसंग्रहालयासारखे जपावे असे कोणीच म्हणणार नाही. मात्र अशा वास्तूंच्या कामाला परवानगी देताना महापालिकेने वारसा जतनाच्या जाणकाराची पाहणी बंधनकारक करावी, दुरुस्तीत मूळ बांधकामाशी जुळणारा चुनाच वापरावा, आणि नित्यपूजा किंवा प्रार्थना खंडित होणार नाही अशा टप्प्यांत काम आखावे. आमच्या देवळातील सिमेंटचा गिलावाही येत्या पावसाळ्यापूर्वी जाणकाराच्या देखरेखीखाली उतरवावा, अशी विश्वस्तांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा, ठाणे