वाघाचा सातबारा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : व्याघ्र प्रकल्पाबाहेरचे वाघ, तेंदूपत्त्याचा हंगाम आणि वाघ उचलण्याचे निर्णय

महोदय,

मी नागभीड तालुक्यात धान पिकवतो आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे विडीची ही पाने जमा होतात त्या केंद्रावर, हिशेब लिहितो. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा तो हिशेब असतो. संध्याकाळी बायामाणसे पुडे घेऊन रांगेत बसतात, तेव्हा गावातले कोण आले आणि कोण आले नाही हे माझ्या वहीला सगळ्यांत आधी कळते. मे 2025 मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्यानंतर दोन दिवस माझ्या वहीत अर्ध्या नावांपुढे काहीच लिहिले गेले नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळी नावे पुन्हा भरली. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि त्यात मिळालेल्या पैशांतून मुलांची पुस्तके, धानाचे बियाणे आणि रोवणीची मजुरी निघायची असते, त्यामुळे घरी बसून राहणे कोणाला परवडत नाही.

असे काही घडले की गाव रस्त्यावर येते आणि एकच मागणी होते, की वाघ उचला. ही मागणी मीही केली आहे, वनविभागाच्या गाडीपुढे उभा राहून केली आहे, आणि ज्याच्या घरातले माणूस गेले त्याने ती केली तर त्याला ज्ञान शिकवायला मी जाणार नाही. पण शासनाने निर्णय घेताना वाघ आपल्या मुलखात कसा राहतो हे ध्यानात घेतले पाहिजे. तसे होताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

वाघाला आपण सहज जंगलाचा राजा म्हणून मोकळे होतो. त्याचा खरा कारभार मात्र राजापेक्षा आमच्याकडच्या खातेदाराशी जास्त जुळतो. प्रत्येक प्रौढ वाघिणीचा एक तुकडा ठरलेला असतो, आणि दोन-तीन वाघिणींचे तुकडे पोटात घेणारा एका नराचा मोठा मुलूख असतो. झाडाच्या बुंध्यावर उडवलेला मूत्राचा फवारा, सालीवर ओढलेल्या नखांच्या रेघा, वाटेवर मागच्या पायांनी उकरलेली माती, हा त्यांचा सातबारा. तो आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखा वर्षानुवर्षे टिकत नाही. मालकाला फिरून फिरून तो ताजा करावा लागतो, कारण काही दिवस वास जुना झाला की शेजारी आत पाऊल टाकून पाहतो. एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात, म्हणजे आठवड्याला साधारण एक. जिथे चितळ, सांबर आणि रानडुक्कर भरपूर तिथे तुकडा लहान, जिथे ते विरळ तिथे मोठा. कोणत्या रानात किती वाघ मावतील हे या हिशेबावर ठरते, आपल्या उद्दिष्टांवर नाही.

त्या मुलखातल्या बाकीच्या जनावरांचे वागणेही या खातेदारावरून ठरते. जिथे वाघाचा वावर दाट असतो तिथे बिबट्या मधल्या रानात थांबत नाही. तो कडेला सरकतो, म्हणजे आमच्या गोठ्यांजवळ आणि उकिरड्यांवरच्या कुत्र्यांजवळ येतो. चितळे दडणीच्या जागा टाळून मोकळ्यावर चरतात. रानडुकरांची संख्या आटोक्यात राहते, आणि धान पिकवणारा माणूस म्हणून सांगतो, हा उपकार लहान नाही. अडचण एवढीच, की डुक्कर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, आले की त्याच्या मागावर वाघही बांधीत येतो आणि सकाळी पाणी पाहायला गेलेल्या शेतकऱ्याला त्याच्या पंजाचा ठसा चिखलात उमटलेला दिसतो.

खरा पेच वारसाहक्काचा आहे. पिल्ले दीड ते दोन वर्षांची झाली की आईपासून वेगळी होतात. मुलीला पुष्कळदा आईच्या शेजारी तुकडा मिळून जातो. मुलाला मात्र निघावेच लागते, आणि सगळे तुकडे भरलेले असतील तर तो दुसऱ्यांच्या हद्दी चुकवत रानाच्या काठाकाठाने, शेतांतून, नाल्यांतून चालत राहतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 2019 मध्ये असाच निघाला आणि तेराशे किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळले. जे कॉलरशिवाय चालतात त्यांची माहिती आधी गुराख्याला होते. राज्यात 2006 च्या गणनेत 103 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444 झाले. त्यांतले दोनशेच्या वर एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास ताडोबा-अंधारी प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, म्हणजे ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर या प्रादेशिक वनविभागांत, आमच्या गावांच्या शिवेला लागून राहतात. नुसत्या वेड्या बाभळी वाढलेल्या झुडपी जंगलातही आता वाघीण पिल्ले वाढवते.

आता वाघ उचलण्याविषयी. समजा माणसाचा मृत्यू झाला, गावाचा रोष वाढला आणि त्या भागातला नर पकडून नेला. चार दिवस शांतता वाटते. मग त्याचे फवारे वाळतात आणि मोकळ्या झालेल्या सातबाऱ्यावर दोन-तीन तरुण नर एकाच वेळी दावा सांगू लागतात. जो टिकतो तो आधीच्या नराची पिल्ले मारतो, कारण पिल्ले गेल्याशिवाय वाघीण पुन्हा माजावर येत नाही. मग वाघीण पिल्ले घेऊन नवख्या नरापासून दूर, म्हणजे बहुधा गावाच्या बाजूला येते. पिल्लांची आई सरपणाला गेलेल्या माणसाला किती जवळ येऊ देईल, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या जुन्या वाघाला आमच्या वाटा, आमची गुरे आणि आमच्या वेळा ठाऊक होत्या, ज्याने वर्षानुवर्षे आम्हाला टाळले, तोच जर चुकून उचलला गेला असेल तर गावाने ओळखीचा शेजारी घालवला आणि त्या जागी अनोळखी घेतले.

याचा अर्थ माणसे मारणारा वाघ मोकळा सोडावा असा कोणी काढू नये. सीटी-1 हा फिरस्ता नर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी अशा तीन वनविभागांत हिंडत होता आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पकडला जाईपर्यंत 13 माणसे गेली होती. यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या टी-1 वाघिणीच्या नावावरही 13 मृत्यू होते, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊन नोव्हेंबर 2018 मध्ये ती गोळीने मेली तेव्हा तिची दोन पिल्ले मागे राहिली. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांना यासाठी अधिकार आहेत. माझे म्हणणे एवढेच, की या अधिकाराचा वापर कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरून आणि डीएनए तपासणीवरून ओळख पटवून व्हावा, ती तपासणी दिवसांत व्हावी, महिन्यांत नको, आणि वाघ तीन विभागांत फिरत असेल तर तिन्ही विभागांची सूत्रे पहिल्या मृत्यूनंतरच एका अधिकाऱ्याच्या हाती द्यावीत. ओळख पटली की उशीर नको आणि पटली नसेल तर केवळ जमाव शांत करण्यासाठी पिंजरा नको.

दुसरीकडे नेऊन सोडणे हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. आमच्या भागातल्या वाघिणी 2023 मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या, त्याला माझा विरोध नाही, तिथे जागा आहे. पण 2024 मध्ये ताडोबातून ओडिशाच्या सिमिलिपालला नेलेल्या झीनत या वाघिणीने काय केले ते आपण वाचले असेलच. ती तिथून निघाली, झारखंडातून पश्चिम बंगालच्या पुरुलिया-बांकुड्यापर्यंत गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस बेशुद्ध करून तिला परत आणावे लागले. नव्या जागेचा सातबारा कोणी आयता हातात देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो तिकडे येतो, कारण ती तुमच्या खात्याच्या हातात आहे आणि तिला फारसा खर्च नाही. मोहफूल पहाटे गळते. गुरे आणि हरणे खाऊन जाण्याआधी ते वेचायचे म्हणून बाई अंधारात निघते, झाडाखाली उकिडवी बसते आणि मान खाली घालून दोन-दोन तास वेचत राहते. तिची पाठ झुडपांपेक्षा उंच नसते. मागून पाहणाऱ्या वाघाला त्या उंचीचे, हळूहळू पुढे सरकणारे, मान खाली घातलेले जे दिसते ते माणसासारखे नसते, चितळासारखे असते. तेंदूपत्त्याचेही तसेच आहे. ऊन 45 अंशांना भिडते म्हणून आणि चांगली पाने दुसऱ्याने तोडू नयेत म्हणून माणसे चार वाजता घर सोडतात, दहापर्यंत परततात आणि मग सगळे घर मिळून पुडे बांधत बसते. वाघाची शिकारीची वेळ आणि आमची मजुरीची वेळ एकच होऊन बसली आहे. माझ्या माहितीतली एक आजी मोह वेचताना मधूनमधून उभी राहून मोठ्याने नातवाला शिव्या घालते. नातू जवळ नसतोच. हा तिचा बंदोबस्त मला आमच्या गावातल्या बऱ्याच योजनांपेक्षा शहाणा वाटतो.

तेंदूपत्त्याच्या घटकांचा, म्हणजे तोडणीसाठी पाडलेल्या जंगलाच्या भागांचा, लिलाव अटींवर होतो. त्या अटींत सूर्योदयाआधी तोडणी नाही हे कलम घालता येईल आणि ते सर्व घटकांना एकदम लागू करता येईल. एकट्या गावाने उशिरा जायचे ठरवले तर शेजारचे गाव पाने घेऊन जाते, म्हणून हे गावाच्या इच्छेवर सोडून चालणार नाही. कमी झालेल्या तासांचा फटका मजुराला बसू नये म्हणून पुड्याचा दर त्या मानाने ठरवावा. ज्या घटकांची विक्री ग्रामसभा स्वतः करतात, त्यांना हुकूम न देता सोबत बसवून हे करावे. ते ऐकतील, कारण मेलेली माणसे त्यांचीच आहेत. मोहासाठी झाडाखाली बांधायच्या जाळ्या द्याव्यात. जाळी असली की फूल जमिनीवर पडत नाही, बाई उन्हे वर आल्यावर जाऊ शकते, आणि झाडाखालचा पाचोळा जाळण्याची गरज राहत नाही, म्हणजे वणवेही कमी होतील.

याला जोडून माहितीची गोष्ट. जंगलाच्या कोणत्या कक्षात, म्हणजे क्रमांक दिलेल्या भागात, पिल्लांची वाघीण आहे हे वनरक्षकाला कॅमेरा ट्रॅपवरून आणि ठशांवरून बहुतेक वेळा ठाऊक असते. ते गावाला सांगितले जात नाही, कारण शिकाऱ्यांना कळेल ही भीती, आणि ती भीती खोटी नाही. पण वाघीण कुठे आहे हे न सांगताही उद्या कक्ष बंद आहे एवढे सांगता येते. आदल्या संध्याकाळी फळीवर सगळे गाव जमलेले असते. त्या वेळी वनविभागाला मदत करणाऱ्या गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलातल्या पोराने येऊन दोन कक्षांचे क्रमांक वाचून दाखवले, तर मी ते वहीच्या पहिल्या ओळीवर लिहीन आणि प्रत्येकाला पुडे मोजताना सांगेन.

मृत्यूनंतर मिळणारे 25 लाख रुपये वाढवा असे मी म्हणत नाही. ही रक्कम कमी नाही. ज्या प्रादेशिक वनविभागांत हे मृत्यू होतात तिथे माणसे मात्र वाढवा. ताडोबाच्या गाभ्यातला वनरक्षक प्रामुख्याने वन्यजीवांसाठी असतो. आमच्याकडचा वनरक्षक रोपवन पाहतो, अतिक्रमण पाहतो, वणवा विझवतो, तेंदूची गोदामे तपासतो आणि हल्ला झाला की जमावाला तोंडही तोच देतो. सफारी आणि होमस्टेचे उत्पन्न ताडोबाच्या प्रवेशद्वाराजवळच्या मोहर्लीला मिळते, आमच्या बहुतेक गावांना वाघ मिळतो, उत्पन्न मिळत नाही. केंद्र सरकारनेही आता प्रकल्पाबाहेरच्या वाघांचा वेगळा विचार सुरू केला आहे, तर राज्याने ब्रह्मपुरी विभागापासून सुरुवात करावी.

आणि वाटा मोकळ्या ठेवाव्यात. ज्याला तुकडा मिळाला नाही त्याला पुढे जाता आले तर तो आमच्याकडे अडकून पडणार नाही. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर चिचपल्लीजवळ नोव्हेंबर 2018 मध्ये गाडीखाली तीन पिल्ले मेली. गोसीखुर्दचा उजवा कालवा सिमेंटच्या उभ्या भिंतींनी रान कापतो. नागपूर-नागभीड रेल्वेमार्गाचे रुंदीकरण कऱ्हांडला आणि घोडाझरी या अभयारण्यांच्या मधल्या वाटेवरून होते आहे. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग 44 वर वन्यप्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आणि त्या वाटांवरून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले, म्हणजे हे जमते. तिथे ते न्यायालयीन लढाईनंतर जमले. इथे त्याआधी जमावे.

ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून आले असे सांगतात. तो तलावाकाठी वाघाशी झुंजताना मेला. त्याचे देऊळ अजून तिथे आहे आणि पौषात जत्रा भरते. ज्यांनी ते देऊळ उभारले त्यांनी वाघ उचलून नेण्याची मागणी केली नव्हती, पण त्या काळी पहाटे चार वाजता एकाच रानात शेकडो माणसे पाने तोडायलाही जात नव्हती.

येत्या हंगामाच्या लिलावाच्या अटी छापल्या जाण्याआधी सूर्योदयाचे ते एक कलम त्यांत यावे, एवढ्यावर आपण निर्णय द्यावा. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मला समजते. या एका कलमासाठी सही पुरेशी आहे.

आपला नम्र,
तेंदूपत्ता फळीवरचा एक मुन्शी,
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर