हात धुवायचा साबण कुणी द्यायचा?

मा. संपादक,

२०२० च्या जूनमध्ये भोसरीतला आमचा कारखाना पुन्हा सुरू झाला. गेटवर ताप मोजणारी बंदूक आली, अंगठ्याची हजेरी बंद झाली. कायम कामगारांना मास्क, सॅनिटायझर मिळाले. आम्ही कंत्राटी. ठेकेदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे ठेकेदाराला. महिनाभर बायकोच्या जुन्या साडीचं फडकं तोंडाला बांधून मी पॅकिंग केलं. नळ मात्र सगळ्यांना एकच, आणि तिथे साबण नाही.

तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २० स्पष्ट होतं: पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, प्रथमोपचार ठेकेदाराने दिले नाहीत तर मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यायचे आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा. हे मला खूप नंतर कळलं.

मला ताप आला. चौदा दिवस घरी बसलो, चौदा दिवसांचा पगार कापला. (सुपरवायझरने तब्येत विचारायला दोनदा फोन केला, हेही सांगायला हवं.) ते पाहून शेजारच्या लाइनवरचा पोरगा गोळी खाऊन कामावर येत राहिला. बंदुकीला काय कळणार?

साथीतल्या आजारपणाची पगारी रजा ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावी आणि तो करार नोटीस बोर्डावर लावावा. आमचा करार मी अजून पाहिलेला नाही.

– एक कंत्राटी कामगार, भोसरी