बर्गरचा पगार आणि तुमचा कॅल्क्युलेटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा कॅलिफोर्नियातल्या फास्ट फूडवाल्यांच्या पगाराचा लेख वाचला आणि हातातला चहा गार झाला. लेखकसाहेबांनी तिथल्या तासाच्या किमान २० डॉलर पगाराला रुपयांनी गुणून 'तासाला दीड हजाराच्या वर मिळतात तरी रडतात' असं लिहिलंय. अहो मग भाडं पण गुणा की! सॅन होजेत एका बेडरूमला दोन हजार डॉलर पुरत नाहीत.

मी डोंबिवलीची, लेकीने ग्रीन कार्ड करून आणलं, घरात बसून कंटाळले म्हणून २०१९ ला एका बर्गरच्या दुकानात आठ महिने काम केलं. तेव्हा मला तासाला १५ डॉलर होते. तळणीवर उभं राहून हातावर तेलाचे डाग पडले ते अजून आहेत, पण त्याचं काही नाही, घरी पुऱ्या तळतानाही पडतात. राग वेगळाच आहे. दुपारी दोनला गिऱ्हाईक कमी झालं की मॅनेजर (माझ्या लेकीहून लहान) हसत यायचा, आज स्लो आहे, क्लॉक आऊट करा, म्हणजे हजेरी बंद करून घरी जा. सहा तासांची शिफ्ट चारवर, म्हणजे हातात ६० डॉलर, तेही टॅक्स कापायच्या आधी, आणि बसची वाट बघत उन्हात. मला काय, घरी जावई कमावता. माझ्या शेजारी काम करणारी एल साल्वादोरची बाई दोन दुकानांत राबायची, तिचे ते दोन तास कोण देणार होतं? दर सरकारने वाढवला, तास मालकाच्याच हातात राहिले, यावर लेखात एक ओळ नाही.

आणि सगळ्या हॉटेलांना २० डॉलर द्यावे लागतात हेही चूक. १ एप्रिल २०२४ चा नियम देशभरात ६० हून जास्त दुकानं असलेल्या साखळ्यांना आहे, कोपऱ्यावरच्या टाकोवाल्याला नाही. त्यातही स्वतः ब्रेड भाजून तो सुटा विकणाऱ्यांना सूट ठेवलीय, ती का, हे मला अजून कोणी धड समजावलेलं नाही. भाव थोडे वाढले, मान्य. पण ऑर्डर घ्यायची मशिनं पगारवाढीमुळे आली म्हणता, ती आमच्या दुकानात आम्ही १५ डॉलरवर राबत होतो तेव्हाच आली होती!

जाता जाता, ई-पेपरचे वर्षाचे पैसे भरूनही शब्दकोडं इतकं पुसट दिसतं की आडवे-उभे काही कळत नाही, तेवढं बघा.

आपली,
एक डोंबिवलीकर आजी, सॅन होजे