ऑपरेशननंतरचं जेवण

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोट कापून घेतलं की वजन उतरणारच, त्यात तुझे कष्ट कुठले?" मला फार लागलं ते. फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

माझ्या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला. उरली केळ्यासारखी अरुंद पिशवी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक मंदावते. ऑपरेशनने हे केलं, आणि त्याची मला खरंच गरज होती. इतकी वर्षं डाएट करून उतरवलेलं वजन परत यायचं, तेव्हा घरात सगळ्यांना वाटायचं की पोरीत जिद्द नाही. पण वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरायला लागतं. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मी तिथेच रडले.

आता कष्टांचं. प्रत्येक घास अगदी बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. ताटात आधी पनीर, अंडं, मासे किंवा मुगाचं धिरडं, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचा तुकडा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि आपल्या पातळ वरणातून ती फारशी मिळत नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर, शिवाय ठरावीक काळाने रक्ताच्या तपासण्या. आई, माझे केस गळताना पाहून तू घाबरलीस. वजन झपाट्याने उतरताना असं बऱ्याच जणांचं होतं, आणि बहुतेकांचे परत येतात.

याहून अवघड मनाचं आहे. पोट लहान झालं तरी मन तेच राहतं. हिंजवडीहून ट्रॅफिकमध्ये पिचून घरी आलं की हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जातो. भूक नसतेच तेव्हा. आणि डोसा अर्धाही संपत नाही, पण मस्तानी मात्र सरसर उतरते, कारण पातळ पदार्थ त्या अरुंद पिशवीत अडत नाही. असं गोड, पातळ किंवा दिवसभर थोडं थोडं खात राहिलं तर ऑपरेशन होऊनही वजन परत चढतं. म्हणून समुपदेशक ताईंनी डब्याला हात लावण्याआधी स्वतःला विचारायला शिकवलंय, भूक आहे की थकवा? थकवा असेल तर मी बूट घालते आणि टेकडीवर जाते. मध्ये वजनाचा काटा हलेनासा झाला होता, तेव्हाही जात होते. बाबा, हे सगळं रोज करावं लागतं, आणि ते करणारी मीच आहे.

आई, एक मागणं आहे. दिवाळीत आग्रह करू नकोस गं. एक घास जास्त झाला तरी छातीत कळ येते, उलटी होते. तुझी माया मला ताटाबाहेरही कळते. माझ्याजवळ बस, गप्पा मार. आणि मावशीला थायरॉइडच्या औषधाने वजन उतरलं असं सांगितलंस ना, ते नको. ऑपरेशन केलं असंच सांग. तिच्या सुनेलाही मधुमेह आहे, वजन आहे. तिला डॉक्टरांना विचारावंसं वाटलं तर आपल्या लपवण्याने ते अडायला नको.

पुढच्या तपासणीला दोघंही या. मिरजेहून कोयनेत बसा, मी स्टेशनवर घ्यायला येईन. बाबा, मनातले सगळे प्रश्न डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना स्वतः विचारा, अगदी परवा मला विचारलात तोसुद्धा.

तुमची,
मीनू